दुसऱ्या टोकाचा माणूस

खांदा पुढे करा, तिपाई चढवायची आहे. लाकडी आहे, तिन्ही पायांना लोखंडी टोकं आहेत. टोकं पुढे, नजरेसमोर राहू द्या. मागे ठेवलीत तर मागून येणाऱ्याच्या पोटात जातील. चिंचवड स्टेशनपासून आकुर्डीकडच्या माळापर्यंत चालायचंय. पहिल्या फर्लांगात वजन फारसं वाटत नाही. दुसऱ्या फर्लांगात ते मानेजवळच्या हाडावर उतरतं आणि मग दिवसभर तिथंच मुक्काम करतं.

पेटी मागू नका, मिळणार नाही. थिओडोलाइटची, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राची, ती पेटी सर्वेअरसाहेब कुणाच्या हातात देत नाहीत. पॅसेंजरमध्ये गर्दी होती तरी ती त्यांच्या मांडीवर होती आणि साहेबांचा जेवणाचा डबा बाकाखाली.

साठचं दशक निम्मं सरलंय. वैशाख आहे. कारखान्यांना जागा आखून देणारी एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली, तिला अजून दुधाचे दात आहेत. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलिन तयार होतंय, आकुर्डीला बजाजच्या स्कूटरी बनू लागल्यात. पण तुमच्या पायाखाली अजून नांगरट आहे. उन्हाने भाजलेली ढेकळं चपलेखाली फुटतात, मधेच बाभळीचा काटा तळव्यापर्यंत पोचतो. उत्तरेला दुर्गा टेकडी, पलीकडे धुरकट भंडारा डोंगर. या दोन्हींच्या अलीकडे जे काही मोकळं दिसतंय, त्यावर आज कागदावरची रेघ उतरवायची आहे.

तुम्ही चेनमन. हुद्दा छोटा आहे, पण तुमच्यावाचून इथला एकही कोन मोजला जाणार नाही. ते कसं, हे थोड्या वेळात पायांना कळेलच.

खुंटी ठोका. तिच्या माथ्यावर बारीक खिळा मारा. आता तिपाई उघडून खुंटीवर उभी करा आणि एकेक पाय मातीत दाबा. पेटीचं झाकण उघडलं की जुन्या तेलाचा आणि तापलेल्या धातूचा वास येतो. यंत्र वर चढलं, खाली ओळंबा सोडला. वारा आहे, ओळंबा खिळ्याभोवती गिरक्या घेतोय. गुडघे टेकून बसा आणि दोन्ही तळव्यांचा आडोसा करा. साहेब वर तळाचे स्क्रू फिरवतायत, पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणायला बघतायत. बुडबुडा जागेवर आला की ओळंबा हलतो, ओळंबा जुळवला की बुडबुडा सरकतो. पाठीवर ऊन चढत जातं. कुणी बोलत नाही.

छत्री आणली आहे, पण ती तुमच्यासाठी नाही आणि साहेबांसाठीही नाही. ती यंत्राची. एकाच बाजूने ऊन लागलं तर धातू त्या बाजूने फुगतो आणि बुडबुडा हळूच जागा सोडतो. म्हणून माणसं उन्हात आणि थिओडोलाइट सावलीत. दोन दिवस इथं काम करा, यात काही वावगं आहे असं वाटणंच बंद होतं.

साहेबांचा मूड बरा असेल तर एकदा डोळा लावायला मिळतो. या, पण तिपाईला धक्का नको.

अरे! सगळं उलटं. आकाश खाली, जमीन वर. बैल छताला पाय रोवून चालतोय, बाभळीचा शेंडा खाली लोंबतोय. तेवढ्यात रुळांकडून धडधड ऐकू येते: मुंबईला निघालेली दख्खनची राणी, चाकं वर आणि डब्यांची छपरं खाली, अशी तुमच्या डोळ्यासमोरून डावी-उजवीकडे अदलाबदल करत निघून जाते. या दुर्बिणीत चित्र सुलटं करायला जास्तीची भिंगं घातलेली नाहीत. भिंगं वाढली की उजेड कमी होतो, आणि सर्वेअरला उजेड हवा असतो. त्याचा मेंदू काही महिन्यांत जग सुलटं करून घेतो. चित्राच्या मधोमध दोन केसासारख्या रेघा एकमेकींना छेदतात. जुन्या यंत्रांत त्या रेघा म्हणजे खरोखरच कोळ्याच्या जाळ्याचा धागा असायचा. पोलादी कारखान्यांची हद्द कोळ्याच्या धाग्याने आखली जाते, हे मला आजही अद्भुत वाटतं.

पुरे. आता लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा रेंजिंग रॉड घ्या आणि निघा. कुठे? ती पळसाची रांग संपते त्याच्याही पुढे. तिथे खुंटी आहे, तिच्यावर रॉड सरळ धरायचा.

धावत जाऊ नका, धाप लागली तर हात हलतो. बांध ओलांडा, दुसरा बांध ओलांडा. एक कुत्रं भुंकत मागे येईल, त्याच्याकडे बघू नका. पोचलात की वळा. साहेब आता बोटाएवढे दिसतायत, त्यांची हाक इथे पोचत नाही. बोलायचं ते हातांनी. त्यांनी उजवा हात बाजूला हळू हलवला, म्हणजे तुम्ही तिकडे सरकायचं, हळू. हात भराभर हलला तर भराभर. दोन्ही हात डोक्यावर नेऊन खाली आणले की जागा पक्की. रॉड मुठीत आवळू नका, दोन बोटांत तोला, म्हणजे तो स्वतःच्या वजनाने उभा राहतो. घाम भुवईवरून डोळ्यात उतरेल. उतरू द्या.

तुम्ही एवढे ताटकळत का उभे, ते ऐका. साहेबांच्या यंत्रावरच्या व्हर्नियर पट्टीवर २० सेकंदांपर्यंत कोन वाचता येतो. अंशाचा एकशेऐंशीवा भाग. तेवढीच चूक एक किलोमीटर दूर गेली की जवळजवळ दहा सेंटिमीटर होते. रॉड वाकडा धरलात तर २० सेकंद कुठल्या कुठे गेले. म्हणून साहेब एकदा वाचून थांबत नाहीत. दुर्बीण उलथी करतात, यंत्र अर्धं फिरवतात, पुन्हा तुमच्यावर रोखतात, दोन्ही आकड्यांची सरासरी घेतात. म्हणजे यंत्राच्या अंगचे बरेचसे दोष एकमेकांना खाऊन टाकतात. तोवर तुम्ही उभे. त्यांच्या दुर्बिणीत तुमचे पाय आकाशाला लागलेले.

शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलंय. धोतर, पागोटं, हातात वैरणीचा विळा. कपाळावर हात धरून ते साहेबांकडे बघतायत.

“काय दिसतं रं त्यातनं?”

“उलटं दिसतं, आबा.”

“उलटंच दिसायचं.” थोडं थांबून ते विचारतात, “ही रेघ माझ्या हिरीवरनं जाती का?”

तुम्हाला ठाऊक नाही. रॉड सोडून बोट दाखवता येत नाही, मान हलवलीत तर बोटं हलतील. आबा वाट बघत नाहीत, खाली बसतात. त्यांना मोजणी नवी नाही. त्यांच्या बापजाद्यांच्या जमिनी शंकू-साखळीने मोजलेल्या. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब नि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. हा हिशेब त्यांना पाठ आहे आणि त्यात साखळी हाताला लागायची, बांधावरून खळखळ वाजत जायची. आजची रेघ वाजत नाही. ती पिकावरून, बांधावरून, विहिरीवरून हवेतून जाते आणि दूरचा एक माणूस वहीत आकडा लिहितो. आबांना त्याचीच भीती वाटते, आणि ती रास्त आहे.

साहेबांचे दोन्ही हात वर गेले, खाली आले. परतल्यावर तुम्ही आबांचा प्रश्न त्यांना सांगता. ते वहीतून डोकं वर काढतात, बराच वेळ विहिरीच्या मोटेकडे बघतात. “रस्ता तिच्या अंगावरूनच जातोय,” एवढंच म्हणतात आणि पेन्सिलीला टोक करायला लागतात.

अकराच्या सुमाराला काम आपोआप थांबतं. जमिनीतून झळा उठतात आणि दुर्बिणीतला रॉड वितळल्यासारखा नाचू लागतो. ३० मीटरची पोलादी टेप हातात धरवत नाही. तीही तापून काही मिलिमीटर लांबलेली असते, त्याची दुरुस्ती साहेब रात्री कंदिलाच्या उजेडात करतील. सहा कोपऱ्यांचा प्लॉट असेल तर आतल्या कोनांची बेरीज ७२० अंश यायलाच हवी. आली नाही तर उद्या पुन्हा तेच बांध, तेच कुत्रं.

लिंबाखाली बसा. भाकरी, ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा. हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या बाजूने वारा आला की आंबवणाचा जडसा वास येतो. डोळे जड झाले? मिटा. इथे काळ पातळ आहे. शंभर वर्षं मागे घसरायला एक डुलकी पुरते.

थंडगार ओल अंगावर आली ना? हा बोरघाट. कानात घण वाजतायत, नाकात सुरुंगाच्या दारूचा झणझणीत धूर. तुमच्या हातात तेलाचा दिवा आहे आणि तुम्ही डोंगराच्या पोटात उभे आहात. बोगदा दोन्ही तोंडांकडून खणत आणायचाय आणि मधे भेटवायचाय. बाहेर उजेडात गोऱ्या इंजिनियराचा थिओडोलाइट रोखलेला आहे. त्याच्या रेषेवर तुमची ज्योत यायला हवी. धूर एवढा की ज्योत त्याला दिसत नाही. थांबा. धूर विरेपर्यंत तसेच उभे राहा, पाठीवर छतातून पाणी ठिबकतंय तरी. बाहेर कड्याला दोरांनी लोंबकळणारी माणसं आहेत, कारण पाय टेकायला जागाच नाही तिथेही खूण करावी लागते. अशा पंचवीस बोगद्यांतून १८६३ मध्ये मुंबईची गाडी पुण्याला येईल. एका वेळी चाळीस हजारांहून जास्त मजूर या घाटात राबले, कॉलऱ्याने झोपड्यांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या केल्या. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन काही आठवड्यांतच मेला आणि पुढचं काम त्याच्या बायकोने, ॲलिसने, तडीला नेलं. तिचं नाव राहिलं. दिवा धरणाऱ्यांची राहिली नाहीत.

उठा. तीन वाजलेत, साहेब हाक मारतायत.

आता शेतातलं नाही, शेडमधलं काम. नव्या कारखान्याचे पोलादी खांब उभे राहतायत. डोक्यावर पत्रा अजून नाही, त्यामुळे ऊन तेच. खाली ओल्या गोणपाटांचा वास, कारण पायाच्या काँक्रीटवर पाणी मारणं चालू आहे. खलाशांची टोळी दोर ओढतेय, “हैय्या!” म्हटलं की सगळा खांब कण्हतो. वेल्डिंगच्या ठिणग्या उडतायत, तिकडे बघू नका.

सकाळी थिओडोलाइट जमिनीवरचे आडवे कोन मोजत होता, आता त्याला उभी रेघ बघायचीय. एक यंत्र खांबाच्या पुढ्यात, दुसरं काटकोनात बाजूला. साहेब बुडाशी खांबाच्या मध्यरेषेवर केस जुळवतात आणि दुर्बीण फक्त वर उचलत नेतात. माथ्याशी पोचेपर्यंत रेषा केसावरच राहिली तर खांब सरळ. नाही राहिली. डावीकडे कललाय.

तुमच्या हातात घण आहे. बेसप्लेटखाली लोखंडी पाचर. “एक हलका!” मारा. खांब वर कुठेतरी हलला असेल, तुम्हाला खाली काहीच जाणवत नाही. “अजून एक. हलका म्हटलं मी!” दुसऱ्या यंत्रावरचा माणूस ओरडतो, त्याच्या बाजूने आता बिघडलं. मग त्या बाजूची पाचर. मग पुन्हा पहिली. हाताच्या शिरा टरारल्यात. दोघंही एकाच वेळी “बस!” म्हणतात तेव्हा फिटर बोल्ट आवळायला धावतो.

एवढा आटापिटा कशासाठी, ते वर बघा. या खांबांच्या दोन रांगांवर रूळ बसतील, रुळांवर क्रेन धावेल, क्रेनच्या आकड्याला टनावारी वजन लटकेल, त्याखाली माणसं काम करतील. दोन रूळ समांतर नसतील तर क्रेनच्या चाकांच्या कडा रुळाला घासतात, किंचाळतात, झिजतात. कारखान्यात पुढे तीस वर्षं काम करणाऱ्याच्या कानाची शांतता आज तुमच्या पाचरीवर ठरतेय. त्याला हे कधी कळणार नाही.

धुराड्याचंही असंच. ते इतकं उंच असतं की मध्यरेषा दिसतच नाही. मग साहेब माथ्याची डावी कड वाचतात, उजवी कड वाचतात, मधला कोन काढतात. बुडाशी तसंच करतात. दोन्ही मधले कोन जुळले नाहीत तर धुराडं कललंय. दोन बाजूंनी बघितलं की नेमकं कुठे आणि किती, तेही कळतं. टाटांच्या टेल्को या ट्रककंपनीचं आवार इकडेच पसरणार आहे; कंपनीची धुरा वाहणाऱ्या सुमंत मूळगावकरांनी तिथे झाडं लावायला, तळं करायला घेतलंय. वाकडं धुराडं त्या झाडांवरून चटकन दिसेल, म्हणतात फिटर.

सूर्य कलला. थकलात, पण अजून एक ठिकाण दाखवायचंय. पुण्याची गाडी पकडा, शिवाजीनगरला उतरा आणि हवामान खात्याच्या दगडी इमारतीकडे चला. १९२८ मध्ये खात्याचं मुख्यालय शिमल्याहून इथे आलं, म्हणून टांगेवाला ‘शिमला ऑफिस’ म्हटल्याबरोबर घोडा वळवतो.

इथला थिओडोलाइट विचित्र आहे. त्याची दुर्बीण कोपरात वाकवलेली, काटकोनात. हायड्रोजनने फुगवलेला रबरी फुगा बांधलेल्या दोरीला हिसके देतोय, त्याला नव्या रबराचा वास आहे. आकाश निरभ्र असेल तर पांढरा, ढग असले तर लाल. सोडला! निरीक्षकाने डोळा लावला आणि दोन्ही चक्रं फिरवत तो फुग्याच्या मागे निघाला. दुर्बीण वाकलेली आहे म्हणून फुगा माथ्यावर गेला तरी त्याला मान वर करावी लागत नाही.

तुम्ही वही घ्या. दर मिनिटाला घंटा वाजेल, तो दोन आकडे म्हणेल: फुगा कोणत्या दिशेला, किती उंच कोनात. लिहा. घंटा. लिहा. तो डोळा काढू शकत नाही. एकदा फुगा भिंगाबाहेर गेला की पुन्हा सापडत नाही. फुगा किती वेगाने चढतोय ते त्यात भरलेल्या वायूवरून आधीच ठरवलेलं असतं, त्यामुळे तुमच्या या दोन आकड्यांतून प्रत्येक थरातला वारा निघतो. रात्री फुग्याखाली कंदील बांधतात आणि निरीक्षक ताऱ्यांच्या गर्दीत तो एक हलणारा तारा धरून ठेवतो. उद्या पहाटे लोहगावहून विमान उडेल तेव्हा वैमानिकाच्या हातात तुम्ही लिहिलेले आकडे असतील. अक्षर नीट काढा.

आता मोठी उडी. चाळीसेक वर्षं पुढे, आणि उत्तरेला: मोशीचा इंद्रायणीवरचा पूल ओलांडून चाकण. एसटीतून उतरताच कांद्याचा वास, पोत्यांचा, ट्रकांच्या तापलेल्या ब्रेकचा. बाजार समितीत लिलाव चाललाय, त्या गलक्यातून वाट काढा. वाटेत संग्रामदुर्गाचा ढासळलेला तट लागेल. १६६० मध्ये शाएस्तेखानाने तो जवळजवळ दोन महिने वेढला होता. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आत झुंजत होता. शेवटी मोगलांनी जमिनीखालून भुयार नेलं आणि बुरूज सुरुंगाने उडवला. बाहेरून नेमक्या बुरुजाखाली पोचायचं, दुर्बीण नाही, आतून काही दिसत नाही. कोन कसा धरला असेल त्या खणणाऱ्यांनी? दर वेळी इथून जाताना मी त्याच विचारात पडतो.

महाळुंगेच्या बाजूला माळ फुटतोय. जेसीबीची बादली काळ्या खडकावर करकरतेय, धूळ दातांत लागतेय. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू होईल, मागोमाग इतर. तिपाई आता हलकी आहे, घ्या खांद्यावर. वर बसलंय टोटल स्टेशन: थिओडोलाइटच, पण कोन स्वतःच वाचणारा आणि अंतर प्रकाशाने मोजणारा. चित्र सुलटं दिसतं. सर्वेअर पोरगेलेशी आहे, जीन्सवर धूळ, कानाला मोबाइल. तिपाई पायांनी दाबतो मात्र तशीच.

दुसऱ्या टोकाला अजून माणूस लागतोच. दांड्यावर प्रिझम घेऊन तुम्ही उभे राहा. तुमच्या शेजारी इथलाच एक तरुण आहे, आजच्या दिवसाच्या रोजावर आलेला. कागदावर हद्दीचा दगड दाखवलाय तिथे सपाट मुरूम आहे, काही नाही. सर्वेअर पडद्यावरचे आकडे वाचून हाताने खूण करतो: अजून डावीकडे, अजून.

“नाय साहेब,” तो तरुण ओरडतो, “तिकडं नाय! बांध ह्या बाजूनं होता. इथं आमचं सीताफळ होतं, दगड त्याच्या बुडात.” तो चार पावलं चालतो आणि टाचेने खूण करतो. झाड नाही, बांध नाही, त्याच्या डोक्यात मात्र दोन्ही जागच्या जागी आहेत.

पहार तुमच्या हातात आहे. खणा. वरचा मुरूम जेसीबीने दाबलेला, घट्ट आहे. वीतभर. अजून वीतभर. पहारीचा आवाज बदलतो, टणत्कार होतो. गुडघे टेका, हाताने माती काढा. दगड आहे, घडीव, माथ्यावर छिन्नीने कोरलेली फुली. फुलीच्या मधोमध दांड्याचं टोक ठेवा, बुडबुडा मधे आणा, श्वास रोखा. पलीकडून यंत्राची बारीक शिट्टी येते. सर्वेअरचा अंगठा वर जातो.

तो तरुण थांबलेला नाही. तो पुढच्या न दिसणाऱ्या बांधावरून चालत निघालाय, पावलं मोजत. त्याला अजून चार दगड माहीत आहेत. पहार घ्या, प्रिझम घ्या, त्याच्या मागे जा.